‘जॉइंट डेव्हलपमेंट’मध्ये काय दाखवायचं, काय झाकायचं? (छोटा डायकास्टिंगवाला, मोठी वाहन कंपनी आणि मध्ये बसलेला स्पर्धक)

भोसरी_डायकास्ट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत युनिट आहे, २८ माणसं, उद्यम नोंदणी ‘लघु’ गटात. ॲल्युमिनियम प्रेशर डायकास्टिंग आणि त्यावरचं मशीनिंग. इलेक्ट्रिक तीनचाकीच्या मोटर कंट्रोलरसाठी कूलंटवर थंड होणारी हाउसिंग तयार केली आहे. डायकास्ट बॉडी, आत वळणं घेत जाणारा कूलंटचा मार्ग, आणि वर ४ मिमीचं झाकण फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने (फिरतं टूल घासून, धातू न वितळवता सांधणं) बसवलेलं. ओ-रिंग नाही, बोल्टही नाहीत.

एका मोठ्या वाहन कंपनीच्या ‘ओपन इनोव्हेशन’ कार्यक्रमात निवड झाली. त्यानंतर मेलवर आलेल्या मागण्या अशा:

१) फीचर-ट्रीसकट (डिझाइन कसं रचत गेलो त्या पायऱ्यांसकट) मूळ कॅड फाइल, पीएफएमईए (प्रक्रियेत कुठे काय चुकू शकतं त्याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन (प्रक्रियेवर नियंत्रण कसं ठेवतो ते) आणि वेल्डिंगचा व्हिडिओ.
२) प्रकल्पातून निघालेली सगळी बौद्धिक संपदा संयुक्त मालकीची.
३) तीन वर्षं इतर कोणत्याही वाहन कंपनीला हा माल द्यायचा नाही.
४) सगळ्या तांत्रिक बैठकांना त्यांचा टियर-वन (कंपनीला थेट माल देणारा पहिल्या फळीचा पुरवठादार) हजर राहणार. हा टियर-वन स्वतः ओ-रिंगवाली हाउसिंग बनवतो, म्हणजे आमचा सरळ स्पर्धक. पण कंट्रोलरची असेंब्ली त्याच्याकडेच आहे.
५) ट्रायलचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

पेटंटचं अजून काहीच केलेलं नाही. काम हवं आहे, त्यामुळे ताठर उत्तर द्यायचं नाही. पण रेघ कुठे आखायची?

साचा_आणि_सांधा

पहिल्या मागणीपासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या चारही तिच्यावरच उभ्या आहेत.

त्यांना तुमची हाउसिंग स्वतःच्या गाडीत बसवायची आहे. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मोजून सांगता येतात: बाहेरचा आकार, माउंटिंग भोकांच्या जागा, पॉवर मोड्यूल ज्या पृष्ठभागावर बसतं त्याची सपाटी, इनलेट-आउटलेटचे व्यास, ठरलेल्या प्रवाहाला दाब किती पडतो, थर्मल रेझिस्टन्स, ठरलेल्या दाबाला गळती किती चालेल, वजन, मिश्रधातूचा प्रकार. एवढं एका ड्रॉइंगवर मावतं. जपानी वाहन उद्योगात याला दोन वेगळी नावंच आहेत. पुरवठादाराने स्वतः काढून ग्राहकाकडून मंजूर करून घेतलेलं ड्रॉइंग ते ‘शोनिन-झु’, आणि ग्राहकाने काढून पुरवठादाराला वापरायला दिलेलं ते ‘ताइयो-झु’. तुम्ही पहिल्या प्रकारात राहा.

त्यासाठी आधी टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली नाव-नंबरची चौकट) बघा. तुमचं डिझाइन त्यांच्या ड्रॉइंग नंबरवर, त्यांच्या टायटल ब्लॉकमध्ये चढलं की ते त्यांच्या सिस्टिममध्ये त्यांचं ड्रॉइंग होतं. मग सहा महिन्यांनी परचेसमधला कोणी तरी, कसलाही वाईट हेतू नसताना, तेच ड्रॉइंग तीन जणांना कोटेशनसाठी पाठवतो. त्यांच्या नंबरवर फक्त बाह्य आकार आणि इंटरफेसचं ड्रॉइंग जाऊ द्या. आतलं ड्रॉइंग तुमच्या नंबरवर, ‘डिझाइनची जबाबदारी: पुरवठादार’ असं लिहून.

आता झाकायचं काय. कंट्रोल प्लॅनमध्ये तुमची खरी पुंजी असते: टूलच्या पिनचा आकार आणि शोल्डर, फेरे, पुढे सरकण्याचा वेग, टूलचा कल, क्लॅम्पची रचना, झाकण बसवण्याआधी पृष्ठभाग कसा तयार करता. यातलं काहीही त्यांना हाउसिंग वापरण्यासाठी लागत नाही. व्हिडिओ तर अजिबात नको. टूलचा कल आणि वेग चित्रफितीवरून मोजता येतो. प्रवासाचं अंतर भागिले सेकंद, झालं.

‘पीपीएपी (नवा पार्ट मंजूर करून घेण्याची ठरलेली पद्धत) लेव्हल ३ लागते, त्यात पीएफएमईए येतंच’ असं उत्तर येईल. बरोबर आहे, लेव्हल ३ म्हणजे वॉरंट (सहीचं हमीपत्र), नमुने आणि पूर्ण कागदपत्रं जमा करणं. पण त्याच पद्धतीत लेव्हल ४ म्हणजे ग्राहक ठरवेल तेवढी कागदपत्रं, आणि लेव्हल ५ म्हणजे पुरवठादाराच्या कारखान्यात येऊन तपासणी. मापं, मटेरिअल, गळतीचे निकाल, प्रोसेस कपॅबिलिटी हे सगळं जमा करा. वेल्डिंगच्या ऑपरेशनचं पीएफएमईए आणि कंट्रोल प्लॅन मात्र ‘कारखान्यात पाहता येईल, प्रत दिली जाणार नाही’ असं लिहा. त्यांचा क्वालिटीवाला येऊन पानं उलटेल, सही करेल. क्वालिटीवाल्यांना हे नवीन नाही. हट्ट असतो तो परचेसचा.

कलमकसाई

वरच्यात भर घालण्याआधी एक तातडीचा प्रश्न. ‘तयार केली आहे’ म्हणजे विकली आहे का? आणि निवडीच्या दिवशी प्रेझेंटेशन बंद खोलीत झालं की प्रेक्षकांसमोर? हाउसिंग आधीच उघडपणे विकली असेल, किंवा पडद्यावर तिचा छेद दाखवला असेल, तर त्या भागाचं नावीन्य गेलं. मग पेटंटची चर्चा अर्धी तिथेच संपते.

भोसरी_डायकास्ट

विकली नाही. एका ग्राहकाच्या टेस्ट बेंचवर ४० ट्रायल पीस गेले, पीओवर (खरेदी ऑर्डरवर) गोपनीयतेची ओळ आहे. प्रेझेंटेशनमध्ये बाहेरून काढलेला फोटो आणि गळतीचे आकडे, एवढंच. छेद दाखवला नव्हता.

कलमकसाई

वाचलात. आता पुढची तांत्रिक बैठक होण्याआधी प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन (पेटंट अर्जासोबतचं तात्पुरतं वर्णन) दाखल करा. लघु उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे (फॉर्म २८ आणि उद्यम प्रमाणपत्र जोडून). त्या तारखेपासून १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावं लागतं. तपासणीची विनंती ३१ महिन्यांच्या आत, फी ४,०००. घाई असेल तर फॉर्म १८ए, लघु उद्योगाला ८,०००. वकिलाची फी वेगळी, आणि ती सरकारी फीपेक्षा कितीतरी जास्त असते. तिथे काटकसर करू नका, दावे कसे लिहिलेत त्यावरच सगळं टिकतं.

पेटंट कशाचं घ्यायचं? माझी पद्धत सोपी आहे. करवतीने तुकडा कापल्यावर जे डोळ्यांना दिसतं, त्याचं पेटंट. कापूनही जे कळत नाही, ते गुपित. झाकण बसायची पायरी कशी आहे, कूलंट मार्गाच्या भिंती आणि वेल्डची रेघ यांची एकमेकांशी जागा काय, टूल बाहेर निघताना उरणारं भोक सीलच्या रेघेबाहेर कुठे नेलंय: हे कोणीही पाच मिनिटांत बघेल, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. पिनचा आकार आणि फेरे कापून कळत नाहीत. ते पेटंटात लिहिलंत तर अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होईल आणि तुम्हीच जगाला शिकवलेलं असेल. शिवाय दुसऱ्याच्या कारखान्यात कोण किती फेऱ्यांवर वेल्ड करतोय हे तुम्ही सिद्ध कसं करणार? एक अट मात्र आहे. ज्याचा दावा कराल ते करायची तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम रीत पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये सांगावीच लागते. म्हणून दावा रचनेवर बेता, प्रक्रियेवर नको, आणि नेमकं किती लिहायचं हे पेटंट एजंटसोबत बसून ठरवा.

आता संयुक्त मालकी. पेटंट कायदा १९७०, कलम ५०. करारात वेगळं काही नसेल तर सहमालकांचा वाटा समान. प्रत्येक जण स्वतः, एकमेकांना हिशोब न देता, ते पेटंट वापरू शकतो. पण दुसऱ्याला परवाना द्यायचा किंवा आपला वाटा विकायचा तर समोरच्याची संमती लागते. म्हणजे उद्या दक्षिणेतल्या एखाद्या कंपनीने ‘आम्हीच बनवतो, तुम्हाला रॉयल्टी देतो’ म्हटलं, तर तुमचे हात बांधलेले. अमेरिकेत उलट आहे, तिथे सहमालक परस्पर परवाना देऊ शकतो. त्यामुळे परदेशातही अर्ज जाणार असेल तर ‘संयुक्त’ या एका शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. शिवाय मोठी कंपनी सहअर्जदार झाली की लघु उद्योगाची फी-सवलत जाते: १,६०० चे ८,००० आणि ४,००० चे २०,०००.

गेटच्या_आतला

वाहन कंपनीच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो, म्हणजे कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं ते कळेल.

कलम ५० बद्दल थोडा मतभेद. तुम्ही स्वतः बनवणारे आहात. सहमालक म्हणून तुम्ही माल बनवून कोणालाही विकू शकता, आणि तुमच्याकडून घेणाऱ्याला तो एकट्या पेटंटधारकाकडून घेतल्यासारखाच वापरता येतो, असं त्याच कलमात आहे. म्हणजे कोरं कलम ५० उत्पादकाला तितकं वाईट नाही. वाईट असतं ते करारात त्याच्यावर चढवलेलं वाक्य: ‘कोणताही पक्ष दुसऱ्याच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय वापर करणार नाही.’ कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये ते बहुतेक वेळा असतंच. पहिल्या वाचनात तेच शोधा.

आता कंपनीला खरी भीती कशाची असते? लाइन थांबण्याची. २८ माणसांच्या कारखान्यात एक वेल्डिंग मशीन, ते बंद पडलं तर कंट्रोलर नाही, कंट्रोलर नाही तर गाडी नाही. मूळ कॅड, पीएफएमईए, व्हिडिओ, हे सगळं मागण्यामागे बहुतेक वेळा चोरीचा बेत नसतो. ‘उद्या हा बुडाला तर?’ एवढाच प्रश्न असतो. त्या प्रश्नाला थेट उत्तर दिलंत तर मागण्या निम्म्या होतात.

उत्तरं दोन. पहिलं, साठा: ठरावीक आठवड्यांचा तयार माल त्यांच्या गोदामाजवळ, साठवणुकीचा खर्च पीस-रेटमध्ये धरून. दुसरं, सीलबंद पाकीट. प्रक्रियेची सगळी माहिती तिसऱ्याकडे (एस्क्रो) ठेवायची आणि ते पाकीट कधी उघडेल ते घटनेनुसार लिहायचं. उदाहरणार्थ, सलग १५ कामकाजाचे दिवस पुरवठा शून्य, किंवा दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल होणं. उघडलं तरी फक्त या एका पार्ट नंबरसाठी, आणि तुमच्याऐवजी जो बनवेल त्याच्या प्रत्येक पीसवर तुम्हाला ठरलेली रॉयल्टी. ‘पुरवठ्यात असमाधान’ असली मोघम घटना यादीत येऊ देऊ नका. दर वाढवून मागितलात की लगेच ‘असमाधान’ होतं.

एकाधिकाराचं. तीन वर्षं ‘कोणालाही नाही’ ही सुरुवातीची बोली समजा. तो देता येतो, पण विकत. वाहनाचा प्रकार मर्यादित करा (फक्त तीनचाकी, मालवाहू आणि प्रवासी), मुदत एसओपीपासून (उत्पादन सुरू होण्यापासून) १२ ते १८ महिने, आणि त्याला किमान संख्या बांधा. समजा वर्षाला ४०,००० पीस ठरले आणि त्यांनी दोन सलग तिमाहीत त्या गतीच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी उचलले, तर एकाधिकार आपोआप संपतो, माल मात्र चालू राहतो. मुदत ‘करार झाल्यापासून’ मोजू देऊ नका. एसओपी पुढे ढकललं गेलं की तुम्ही माल न विकताच वर्षभर बांधलेले राहता.

खर्चाबद्दल एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. डाय १८ लाखांची धरली आणि ती ६०,००० पीसवर पसरवली तर पीसमागे ३० रुपये. कंपनीने संख्या ‘अंदाजे’ लिहिली आणि ३०,००० वर प्रकल्प बंद पडला, तर तुमचे ९ लाख अडकले. म्हणून उरलेली रक्कम एकरकमी देण्याचं वाक्य त्याच पीओमध्ये हवं, वेगळ्या मेलमध्ये नको. मेल लिहिणारा माणूस बदली होऊन जातो.

भोसरी_डायकास्ट

खूप उपयोगी. दोन गोष्टी अजून अडतात. टियर-वन समोर बसलेला असताना बोलायचं कसं? आणि एक मूलभूत शंका: सगळं झाकत बसलो तर याला ‘ओपन’ तरी का म्हणायचं? वरचे लोक सतत ‘इकोसिस्टिमचा भाग व्हा’ म्हणतात. त्यात आपल्यासारख्याला मिळतं काय?

प्रोटोकॉलपंत

दुसरी शंका मी घेतो, ती माझ्या रोजच्या कामातली.

‘ओपन’ हा शब्द ऐकला की काय उघडं आहे, कोणासाठी आणि त्याच्या बदल्यात काय, हे तीन प्रश्न विचारायचे. टेस्लाने जून २०१४ मध्ये पेटंटं खुली केल्याचं जाहीर केलं. पण ती सवलत ‘सद्भावनेने’ वापरणाऱ्यांपुरती आहे, आणि त्या सद्भावनेची व्याख्या अशी की टेस्लावर कुठल्याही बौद्धिक संपदेचा दावा करायचा नाही, तिच्या पेटंटला आव्हान द्यायचं नाही. म्हणजे किंमत आहेच, ती रुपयांत नाही इतकंच. टोयोटाने २०१९ मध्ये विद्युतीकरणाशी संबंधित २३,७४० पेटंटं २०३० अखेरपर्यंत विनारॉयल्टी देऊ केली. हायब्रिडचे सुटे भाग जितके जास्त लोक वापरतील तितका टोयोटाच्या पुरवठादारांचा खर्च उतरतो, आणि ती प्रणाली विकत घेणाऱ्याला तांत्रिक मदत सशुल्क, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. दान कोणीच करत नाही.

आपल्याकडचं चांगलं उदाहरण चार्जिंग कनेक्टरचं. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरने २०२१ मध्ये आपला दुचाकीचा कनेक्टर इतर कंपन्यांना वापरायला खुला केला. पुढे हीरोच्या विडाने तोच घेतला, आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्यावर आधारलेलं मानक मंजूर केलं (आयएस १७०१७, भाग २, विभाग ७). शोरूममध्ये या दोन स्कूटर एकमेकींच्या गिऱ्हाइकावर टपलेल्या असतात, चार्जिंगच्या खांबावर मात्र एकच प्लग. आता बारकाईने बघा: खुला झाला तो कनेक्टर. बॅटरी पॅकची रचना, सॉफ्टवेअर, मोटर नियंत्रण यातलं काही नाही. दोन घरांमधला दरवाजा सामाईक, स्वयंपाकघर ज्याचं त्याचं. अदलाबदलीच्या बॅटरीसाठी होंडा, यामाहा, केटीएम आणि पियाजिओ २०२१ मध्ये एकत्र आले तेही याच हिशोबाने. बॅटरी सगळ्यांची सारखी, गाडी आपापली.

गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोसार (वाहन कंपन्या आणि पुरवठादारांनी मिळून चालवलेला प्रमाणकांचा गट) २००३ पासून हेच करतंय. बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन यांच्यासारखे हाडवैरी एकत्र बसले. त्यांचं ब्रीदच आहे ‘प्रमाणकांवर सहकार्य, अंमलबजावणीत स्पर्धा’. आणि तिथेही एक मेख आहे. स्पेसिफिकेशन कोणीही उतरवून वाचू शकतं, पण धंद्यात वापरायचं तर भागीदार व्हावं लागतं. हिंजवडीत या विषयावर काम करणाऱ्या नव्या पोरांना ही ओळ पहिल्या पानावर असूनही दिसत नाही!

तर तुमच्या बाबतीत खुलं करण्यासारखं काय? इंटरफेस. मोड्यूल बसायचा पृष्ठभाग, भोकांची मांडणी, इनलेट-आउटलेट. ते उलट हट्टाने खुलं ठेवा, आणि कोणा एकाच्या मापाला बांधून घेऊ नका. मांडणी दोन-तीन पॉवर मोड्यूल बनवणाऱ्यांना चालेल अशी झाली तर तुमची हाउसिंग एका गाडीच्या ड्रॉइंगमधून सुटते. इकोसिस्टिमचा भाग होणं म्हणजे तुमच्यापुरतं एवढंच: तुम्हाला बदलणं महाग पडावं, आणि तुम्हाला मात्र गिऱ्हाईक बदलता यावं. करारात एकच ओळ घालून घ्या: ‘इंटरफेसची मापं गोपनीय माहितीत मोडत नाहीत आणि कोणीही कुठेही वापरू शकतो.’ हे तुम्ही मागितलंत तर ते खूश होतील, त्यांना वाटेल तुम्ही काही तरी देताय.

कलमकसाई

टियर-वनच्या बैठकीबद्दल.

एनडीए (गोपनीयतेचा करार) तिघांचा करा. दोन वेगवेगळे द्विपक्षीय एनडीए असले की वाहन कंपनीने तुमची माहिती टियर-वनकडे ढकलली तर ‘आमच्या पुरवठादाराला गरजेपुरती दिली’ असं म्हणता येतं, आणि टियर-वनचा तुमच्याशी करारच नसतो. तिघांच्या एनडीएतही प्रवर्ग दोन ठेवा: तिघांसाठी आणि फक्त वाहन कंपनीसाठी. प्रत्येक फाइलच्या नावात ‘अ’ किंवा ‘ब’.

त्यात ‘रेसिड्युअल्स’ नावाचं कलम आहे का बघा. मजकूर साधारण असा असतो की कागदपत्रांचा आधार न घेता कर्मचाऱ्याच्या स्मरणात राहिलेली माहिती वापरायला मोकळीक. तुमची पुंजी म्हणजे पाच-सहा आकडे. पाच-सहा आकडे कोणाच्याही लक्षात राहतात. हे कलम काढता आलं नाही, तर बैठकीत आकडे उच्चारायचेच नाहीत.

भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कोर्टात उभं राहायला तुमच्याकडे करार आणि तुम्ही स्वतः किती काळजी घेतलीत याचा पुरावा, एवढंच असतं. त्यामुळे बैठक झाली की त्याच दिवशी संध्याकाळी इतिवृत्त मेल करा: कोण हजर, कोणती फाइल दाखवली, प्रत दिली की नाही. कंटाळवाणं काम आहे, पण चालतं तेच.

दुसरी बाजूही सांभाळा. स्पर्धक समोर असताना दर, क्षमता, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेलं कोटेशन हे विषय काढू नका, त्याने काढले तर थांबवून इतिवृत्तात नोंदवा. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(३) मध्ये स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं, बाजार वाटून घेणं आणि तांत्रिक विकास रोखणं हे सगळं येतं. कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला अपवाद आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा करारात भाग घेणारा मधला पक्षही, तो स्पर्धक नसला तरी, त्यात ओढला जाऊ शकतो. वाहन कंपनीच्या कायदा विभागाला हे माहीत असतं, म्हणून ‘किमतीची चर्चा फक्त द्विपक्षीय’ ही अट ते लगेच मान्य करतात.

एकाधिकारावर एक जोड. करार चालू असतानाचा एकाधिकार साधारणपणे टिकतो (सर्वोच्च न्यायालय, गुजरात बॉटलिंग, १९९५). करार संपल्यानंतरचं ‘दोन वर्षं कोणाला देणार नाही’ भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणं अवघड. पण म्हणून ते मुकाट्याने सही करू नका. खटला जिंकाल, गिऱ्हाईक जाईल.

मालकीचं वाक्य मी असं लिहीन: ‘प्रकल्पापूर्वीचं ज्याचं त्याचं. हाउसिंगची रचना व ती बनवण्याची प्रक्रिया यातील सुधारणा, कोणीही सुचवलेल्या असोत, पुरवठादाराच्या. कंट्रोलर व वाहनातील सुधारणा कंपनीच्या. कंपनीला या प्रकल्पातील वाहनांसाठी कायमचा, विनारॉयल्टी वापरपरवाना.’ विषयानुसार वाटणी केली की ‘संयुक्त’ या शब्दाची गरजच उरत नाही. ‘कोणीही सुचवलेल्या असोत’ हे तीन शब्द सोडू नका. बैठकीत त्यांचा इंजिनिअर ‘इथे त्रिज्या वाढवा’ म्हणतो आणि नंतर सहसंशोधक म्हणून त्याचं नाव अर्जावर येतं. मालकी हस्तांतर लेखीच लागतं, कलम ६८. संशोधनात भाग घेणारा इथला रहिवासी असेल आणि कंपनीला पहिला अर्ज परदेशात करायचा असेल, तर कलम ३९ खाली आधी परवानगी (फॉर्म २५), किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबणं.

साचा_आणि_सांधा

ट्रायलच्या खर्चाचं राहिलं. ‘ज्याचा त्याने’ हे वाक्य तसं तुमच्या फायद्याचंही वळवता येतं: खर्च आमचा, तर निकालही आमचा. पण नमुने फुकट देऊ नका. प्रत्येक लॉटला छोटा का होईना पीओ घ्या आणि बिलावर उद्यम क्रमांक टाका. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. शिवाय आयकर कायद्यामुळे वेळेत न दिलेली रक्कम त्यांना त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा अकाउंट विभाग स्वतःहून फोन करतो.

नमुन्यांवर एक तांत्रिक इशारा. या सांध्याचा सगळ्यात लबाड दोष म्हणजे ‘किसिंग बाँड’: दोन पृष्ठभाग टेकलेले दिसतात, पण खरं जोडलेले नसतात. असा पीस पहिल्या गळती चाचणीत बिनबोभाट पास होतो आणि तापमान-दाबाच्या फेऱ्यांनंतर उघडतो. झाकण आणि पायरीमधली फट साधारण जाडीच्या १० टक्क्यांपुढे गेली, म्हणजे तुमच्याकडे ०.४ मिमी, की आत बोगद्यासारखी पोकळी धरायचा धोका वाढतो. डायकास्ट बॉडी वाकडी आली की ही फट एकाच कोपऱ्यात सापडते. त्यामुळे स्वीकृतीची चाचणी करारात ‘फेऱ्यांनंतरची गळती’ अशी लिहा आणि तुमच्या ट्रायल लॉटमधला प्रत्येक विसावा पीस स्वतः कापून ठेवा. टियर-वनला ओ-रिंग टिकवायची आहे. पहिला गळका पीस कुठल्या बैठकीत, कोणाच्या हातात निघतो यावर पुष्कळ काही ठरतं.

चाचणी तटस्थ जागी करून घ्या. एआरएआय (पुण्यातली वाहन चाचणी संस्था) आहेच, छोट्या कामाला चिंचवडच्या ऑटो क्लस्टरच्या प्रयोगशाळा आहेत. मराठवाड्यातल्यांना वाळूजचं क्लस्टर. अहवालावर अर्जदार म्हणून नाव तुमचं हवं, म्हणजे तोच अहवाल पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येईल.

भोसरी_डायकास्ट

प्रोव्हिजनलसाठी एजंटला फोन झाला, सोमवारी बसतोय. शेवटची अडचण: कॅडशिवाय त्यांची पॅकेजिंग टीम पुढे सरकत नाही, पुढच्या शुक्रवारी फाइल हवीच म्हणतात. ड्रॉइंग पीडीएफवर भागणार नाही.

गेटच्या_आतला

बरोबर, त्यांना डिजिटल मॉक-अपमध्ये टाकायला थ्रीडी लागतंच. पण फीचर-ट्री लागत नाही. ‘पॅकेजिंग मॉडेल, स्टेप फॉरमॅट’ असं नाव देऊन पाठवा, कोणी परत विचारणार नाही. वजन आणि गुरुत्वमध्य मात्र खरा हवा, तो मेलमध्ये वेगळा लिहा.

साचा_आणि_सांधा

स्टेप करण्याआधी मॉडेल भरीव करा. कूलंटचा मार्ग बुजवायचा, झाकण आणि बॉडी एकच सॉलिड करायची, इनलेट-आउटलेटची तोंडं फक्त २० मिमी खोलीपर्यंत ठेवायची. बहुतेक कॅडमध्ये ‘श्रिंक-रॅप’ नावाने ही सोय असते. पण ती वापरल्यावर सेक्शन काढून स्वतः बघा, कधी कधी आतले पृष्ठभाग तसेच राहतात. वेल्डची रेघ आणि टूल बाहेर निघण्याचं भोक वरच्या पृष्ठभागावरून पुसा. थर्मलवाल्यांना मार्ग लागेल असं म्हणाले तर मार्ग देऊ नका, प्रवाह-दाब आणि प्रवाह-थर्मल रेझिस्टन्सचे तक्ते द्या, २ ते १० लिटर प्रतिमिनिट, दर २ लिटरला एक ओळ. सिम्युलेशनमध्ये ते थेट भरता येतात. फाइल पाठवताना नावात तारीख आणि ‘अ’ प्रवर्ग टाका, आणि तीच फाइल स्वतःलाही मेल करून ठेवा.